इन्सुलिन भरपूर, तरी साखर का उतरत नाही?

पेठकर४१:
वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६३. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, उपाशीपोटी इन्सुलिन २२. डॉक्टर "इन्सुलिन रेझिस्टन्स आहे" म्हणाले आणि त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला. आई म्हणते, काडी पहिलवान तू, तुला कसली शुगर? (शर्ट ३८चा ढगळ होतो, पँट मात्र ३६चीच लागते, हे तिला माहीत नाही.) इन्सुलिन उलट जास्तच आहे, मग ही साखर रक्तातच का फिरतेय?

कडूकारलं:
रोज सकाळी रस घ्या. बाकी सगळं थोतांड.

ब्लॉटवाली:
कारलं राहू दे बाजूला.

इन्सुलिन पेशीत शिरून साखर ओढत नाही हो. ते बाहेरच रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. रिसेप्टर आतल्या आयआरएस-१ला फॉस्फेट लावतो, तिथून निरोप पीआय-३-कायनेजकडे, तिथून एकेटीकडे (ही सगळी पेशीतली प्रथिनंच). एकेटी जागं झालं की ग्लुट-४ नावाची दारं पेशीच्या पोटातून पडद्यावर येतात आणि साखर आत जाते. स्नायूत चरबी साचली की तिच्यापासून डीएजी, सेरामाइड असले चरबीचेच पदार्थ होतात आणि ते या निरोपाच्या आड येतात. स्वादुपिंड बिचारं आणखी इन्सुलिन सोडून ओरडतं. तुमचे २२ म्हणजे ती ओरड.

पीएचडीत मी उंदराच्या स्नायूपेशींना रात्रभर पामिटेट (एक फॅटी ॲसिड) पाजायचे, मग इन्सुलिन. डार्करूममधल्या लाल दिव्यात ब्लॉटची (प्रथिनं मोजायच्या चाचणीची) फिल्म धुतली की साध्या पेशींची फॉस्फो-एकेटीची, म्हणजे जाग्या एकेटीची, पट्टी काळीकुट्ट आणि पामिटेटवाल्यांची पुसट. एकूण एकेटी मात्र दोन्हीकडे सारखंच. माणसं हजेरीला सगळी, कामाला कोणी नाही! पहिल्यांदा वाटलं इन्सुलिन घालायलाच विसरले. तीनदा केलं.

यकृताची तऱ्हा और. "साखर बनवणं थांबवा" हा निरोप तिथे अडतो, "चरबी बनवा" हा बरोबर पोचतो. म्हणून उपाशीपोटीही ११२.

आणि आईंना सांगा, पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, जवळपास तुमच्याइतकाच. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

पेठकर४१:
ताई, मग चालून काय होणार? निरोपाची वाट तर तुंबलेलीच.

ब्लॉटवाली:
स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ वर आणायला इन्सुलिन लागतच नाही. एएमपीके वगैरे दुसऱ्या प्रथिनांची वाट वेगळी आहे, आणि ती तुमची शाबूत असणार. जेवून उठलात की पंधरा मिनिटं चाला. औषधाचं डॉक्टरांना विचारा, मी पेशींची डॉक्टर.

पेठकर४१:
माझी पट्टी पुसट आहे का, ते कळेल कुठे?

ब्लॉटवाली:
मांडीचा तुकडा द्यावा लागेल. त्यापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटरची हद्द.

पेठकर४१:
९२. पण टेप आईच्या शिलाईच्या डब्यातला आहे, आटला असेल.