मदत हवी आहे : मशीनवर गोधडी शिवण्याआधी अस्तर आणि थर कसे तयार करू?

नमस्कार मंडळी,

मुक्काम इंदूर. भाचीसाठी गोधडी करते आहे. वरचा भाग जोडून तयार आहे, ६० बाय ८० इंच. त्यात बाग प्रिंटचे (बाग गावची ठशांची छपाई) लाल-काळे तुकडे आणि मधूनमधून मोतिया रंगाचं साधं सुती कापड. हातानं धावदोरा घालून केलेल्या गोधड्या घरात भरपूर आहेत, पण माझ्या बोटांना आता ते झेपत नाही, म्हणून मशीनवर करायची आहे. मशीन जुनं काळं उषा, मोटर बसवलेलं, फक्त सरळ टाक्याचं.

अडलंय ते खालच्या अस्तरापाशी. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड घ्यावं असं मनात आहे. आईची दोन सुती लुगडीही आहेत, मऊसूत झालेली. अस्तर कशाचं करू? जोड कुठे देऊ? आत काय घालू? आणि मुख्य म्हणजे हे तिन्ही थर पसरून टाचायचे कसे? फरशीवर मांडी घालून बसणं गुडघ्यांमुळे बंद आहे. अस्तराला चुण्या पडतात असं सगळ्या जणी सांगतात, त्या का पडतात हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद (वडोदरा)

ताई, आधी हिशेब करू. घरच्या मशीनवर अस्तर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी निदान दोन इंच जास्त हवं, तीन असलं तर निश्चिंत. शिवताना वरचा भाग बाहेरच्या बाजूला सरकत जातो आणि काठाशी अस्तर कमी पडलं तर काही करता येत नाही. म्हणजे तुम्हाला ६६ बाय ८६ लागेल.

बहुतेक जणी ८६ इंचांचे दोन तुकडे घेऊन उभा जोड देतात. त्याला जवळपास ४.४ मीटर कापड जातं आणि रुंदीत बरंच वाया. त्याऐवजी जोड आडवा द्या. ६६ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे ३.३५ मीटर. दोन्ही पन्हे मिळून ८८ इंच, जोडाकडच्या दोन किनारी (कापडाच्या घट्ट विणलेल्या कडा) अर्धा-अर्धा इंच कापल्या की ८७, शिवणीत अर्धा-अर्धा इंच माया (टाक्याबाहेर उरणारं कापड) गेली की बरोबर ८६. बाहेरच्या किनारी राहू द्या, त्या शेवटी छाटल्याच जातात. जोडातली किनार मात्र कापाच. तिची वीण घट्ट असते, धुतल्यावर ती बाकीच्या कापडासारखी आटत नाही आणि जोड ओढल्यासारखा दिसतो.

माया अर्धा इंच ठेवा आणि दोन्ही बाजूंना उलगडून इस्त्री करा. एकीकडे दुमडली तर तिथे कापडाचे जास्त थर एकावर एक येतात आणि वरची शिवण नेमकी त्यावर आली की जुनं मशीन कुरकुरतं.

प्रतिसाद

वरचा हिशेब कागदावर चोख आहे, पण नवं सुती कापड धुतलं की पन्हाही आटतो. ४४ चे ४३ झाले तर दोन तुकडे मिळून ८४ च भरतील. आणि न धुता वापरायचा विचारही करू नका, कारण लुगडं असंख्य वेळा धुतलेलं, अस्तर कोरं आणि वरती बाग प्रिंट. पहिल्या धुण्यात तिघांची तीन तऱ्हा होईल.

बागच्या लाल रंगाची परीक्षाही आत्ताच घ्या. पांढरा फडका ओला करून त्या तुकड्यावर इस्त्री दाबा. डाग आला तर तुमचा मोतिया रंग गुलाबी होणार. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय. वरचा भाग जोडून झालाय, तेव्हा गार पाण्यात न चोळता, न पिळता.

अख्खं अस्तर लुगड्याचं करू नका, असं माझं स्पष्ट मत. जुनं लुगडं मधे विरलेलं असतं आणि ताणलं की हवं तसं लांबतं. हातशिलाईत बोटं ते सांभाळून घेतात. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचं फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली) मागे रेंगाळतं. तुम्ही विचारलेल्या चुण्यांचं एक मोठं कारण हेच.

धागाकर्ती

पन्ह्याचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. मग असं केलं तर? दोन तुकड्यांच्या मधे लुगड्याची सहा इंची पट्टी. लांबीही भरून निघेल आणि लुगडंही गोधडीत येईल. जरीचा काठ फार सुंदर आहे, तोच घ्यावा का?

प्रतिसाद (वडोदरा)

पट्टीची कल्पना झकास. ४३ चे दोन, त्यातून जोडाकडच्या किनारी वजा, अधिक ६, वजा दोन शिवणींची माया : ८९ मिळतील. शिवाय घडी पडते तिथे आता जोड येणार नाही, पट्टीचं सपाट कापड येईल. पट्टी लुगड्याच्या लांबीत, उभ्या धाग्यानं कापा. उरेब (तिरकी) गेली की लाटा आल्याच. कापडही उजेडासमोर धरून विरलेला भाग टाळून घ्या.

काठ नको. जरीवर सुई अडते, दोरा तुटतो आणि तो भाग अंगाला टोचतो. पावणेचार मीटर कापड आणा म्हणजे आटूनही ६६ चे दोन तुकडे निघतील.

प्रतिसाद

टाचण्याचं मी सांगते, माझेही गुडघे तसेच. जेवणाचं टेबल वापरा. टेबलाचा मध्य शोधा आणि तिथे काडेपेटीतली काडी चिकटपट्टीनं लावा, कापडावरून हाताला लागली पाहिजे. अस्तराचा मध्य त्यावर, सुलट बाजू खाली. चारी बाजूंना सारखं लोंबू द्या आणि टेबलाच्या कडेला मोठे चिमटे लावा. कापड सपाट हवं, पण ताणलेलं नको. ढिलं राहिलं तर मागे चुण्या. ताणलं तर चिमटे काढल्यावर ते आकसतं आणि सुरकुत्या वर येतात.

मग आतला थर, हातानं मधून बाहेर सपाट करत. वरचा भाग सुलट बाजू वर, पुन्हा मध्य काडीवर. आता मधून बाहेर सेफ्टी पिना, दोन पिनांत चार बोटांचं अंतर, फार तर तळहाताचं. शिवणीच्या रेषा आधी आखा म्हणजे पिना रेषेवर येणार नाहीत. टेबलावरचा भाग संपला की चिमटे काढा, सगळं सरकवा, पुन्हा चिमटे. दर वेळी खाली हात घालून अस्तर चाचपा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण गोधडी इथेच होते किंवा बिघडते.

धागाकर्ती

आत काय? गादीवाला पिंजलेला कापूस देतो म्हणतो.

प्रतिसाद

मशीनसाठी सुटा कापूस नको. तो सरकतो, धुतल्यावर गोळे होतात, आणि धरून ठेवायचा तर रेषा अगदी जवळजवळ घालाव्या लागतात. फायबर शीट हलकी आणि धुवायला सोपी, पण फुगीर. जुन्या मशीनच्या फुटाखाली कोंबावी लागते, आणि गरम इस्त्री लागली तर वितळते. तुमच्या इंदूरच्या थंडीला जुनी सुती चादर दुहेरी पुरे. तीही अस्तराएवढी मोठी घ्या. जोडायची वेळ आली तर एकावर एक चढवू नका, कडेला कड लावून हातानं तिरके टाके घाला.

प्रतिसाद

दोन गोष्टी मशीनच्या. वॉकिंग फूट मिळाला तर घ्या, तो वरचं कापडही दात्यांबरोबर पुढे नेतो. आणायला जाताना मशीनचा जुना फूट सोबत न्या, तो ज्या दांड्याला बसतो त्याची उंची जुळली पाहिजे. नाहीच मिळाला तर वरचा स्क्रू सैल करून फुटाचा दाब कमी करा. सुई १४ नंबर, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास.

पहिली शिवण मधोमध, लांबीत. मग मधून एका बाजूला, ती झाली की गोधडी फिरवून दुसऱ्या बाजूला. म्हणजे मशीनच्या हाताखाली कधीच अर्ध्याहून जास्त गुंडाळी येत नाही. डावीकडे आणि मागे वजन पेलायला टेबल लावा. गोधडी लोंबली की सुई वाकते.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उद्या रंगाची परीक्षा, मग कापड. एक राहिलं : आधी उरलेल्या तुकड्यांचं छोटं सँडविच (तिन्ही थर एकत्र) करून टाका तपासावा ना?

प्रतिसाद (वडोदरा)

तपासाच. तेच अस्तर, तीच चादर, तोच दोरा घ्या आणि मागची बाजू आधी बघा. खाली गाठी दिसल्या तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) वाढवा, खालचा दोरा वर डोकावला तर कमी करा.