मदत हवी आहे: ब्रँच-लाइन कपलरसाठी एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट किती धरू?

नमस्कार मंडळी. नाशिकला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी २.४५ गिगाहर्ट्झचा ३ डीबी ब्रँच-लाइन कपलर करतोय, म्हणजे सिग्नल दोन समान भागांत वाटणारी, बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्यांची (लाइन) चौकट. बोर्ड साधाच, १.६ मिमीचा, दोन्हीकडे तांबं असलेला एफआर-४ (नेहमीचा काच-इपॉक्सीचा पीसीबी). रॉजर्सचा, म्हणजे खास उच्च फ्रिक्वेन्सीसाठीचा महागडा बोर्ड, परवडत नाही, विषय संपला.

डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (बोर्डच्या मटेरियलमुळे कपॅसिटन्स हवेच्या किती पट होतो तो आकडा; लाइनची रुंदी-लांबी त्यावरच ठरते) ४.४ धरून ५० ओहमच्या लाइनची रुंदी ३.०६ मिमी आली, ३५.३५ ओहमची ५.२ च्या आसपास. प्रत्येक लाइनची लांबी पाव तरंगलांबी लागते, ती अनुक्रमे १६.८ आणि १६.४ मिमी. (ग्रुपमधला एक जण थेट ४.४ चं वर्गमूळ घेऊन १४.६ वर अडून बसला होता. क्षेत्राचा काही भाग हवेतून जातो, म्हणून इफेक्टिव्ह ३.३ घ्यायचा, हे त्याच्या गळी उतरवलंय.)

खरी गोची पुढे आहे. दुकानदार म्हणतो, "एफआर-४ म्हणजे एफआर-४." म्हणून त्याच शीटचा १० बाय १० सेंमीचा तुकडा कापला, दोन्ही बाजूंना वायर डकवली आणि एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला त्याचा कपॅसिटन्स मोजला. २६० पिकोफॅरड! ४.४ असता तर २४३ च्या आसपास यायला हवे होते. उलटा हिशेब केला तर ४.७ निघतो. ४.७ ने ५० ओहमची लांबी १६.३ येते, ४.३ ने १६.९. दिसायला किरकोळ, पण फ्रिक्वेन्सी ९०-१०० मेगाहर्ट्झने सरकते आणि वाय-फायचा अख्खा पट्टाच ८३ मेगाहर्ट्झचा.

कपलर तपासायला लागणारा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर) अंबडच्या एका कंपनीत ओळखीने एकदाच मिळणार आहे. तर कोणता आकडा धरू? आणि चौकटीत लाइनची लांबी शेजारच्या लाइनच्या मध्यरेषेपासून मोजायची की आतल्या कडेपासून?

प्रतिसाद:
१.६ हा मोजलेला आकडा आहे की लेबलवरचा? मायक्रोमीटर लावा आणि दोन्हीकडचं ३५-३५ मायक्रॉन तांबं वजा करा.

धागाकर्ता:
सर, तांब्यासकट १.५८ भरला. म्हणजे आतला १.५१. त्याने ४.४३ येतोय!

प्रतिसाद:
मग ४.७ चं भूत उतरलं. त्यातही कडेचं फ्रिंजिंग (कडेबाहेर पसरणाऱ्या क्षेत्राचा जादा कपॅसिटन्स) थोडं मिसळलंय, आणि एफआर-४ चा आकडा फ्रिक्वेन्सी वाढली की उतरतो. ४.३ धरा. जाडी रुंदीच्या सूत्रातही १.५१ च घाला, ५० ओहमला २.९४ च्या आसपास येईल. लांबी मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत धरून सुरुवात करा, पण ५ मिमी रुंदीच्या लाइनचा टी-जोड त्यात गडबड करतोच, तेव्हा ईएम (विद्युतचुंबकीय) सिम्युलेशनशिवाय एचिंगला टाकू नका. आणि व्हीएनए एकदाच मिळणार असेल तर एकच कपलर घेऊन कशाला जाता? त्याच शीटवर ४.१, ४.३ आणि ४.५ धरून तीन काढा. फेरिक क्लोराइड तेवढंच लागतं, एसएमए कनेक्टर मात्र जास्त आणा.