कालावधी शब्दांत लिहावा की थेट मिलिसेकंदांत?

अंबडवासी (धागाकर्ता): निफाड भागातील द्राक्षबागांच्या ठिबक सिंचनासाठी आम्ही जी नियंत्रण प्रणाली लिहितो, तिच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पंप चालण्याचा वेळ २७००००० असा मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. चुकून एक शून्य जास्त पडले, तर पाऊण तासाऐवजी साडेसात तास पाणी चालू राहील, आणि कोड तपासणाऱ्याने दर वेळी शून्ये मोजावीत ही अपेक्षाच गैर आहे. फाईलमध्ये ‘४५ मिनिटे’ लिहावे आणि त्याचे मिलिसेकंद प्रोग्रॅमने करावेत, असे माझे ठाम मत आहे.

सातपूरकर: असहमत. मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा प्रोग्रॅमचा भाग, म्हणजे पार्सर, ही चुकीसाठी उघडलेली आणखी एक वाट आहे. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘पीटी१एम’ म्हणजे एक मिनिट, पण मधला ‘टी’ गळाला की तोच एक महिना होतो. काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) न समजलेल्या मजकुराला एरर न देता ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे परत करतात. ते सेटटाइमआउटला (ठरावीक वेळ थांबून काम करणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन) दिले की प्रतीक्षा शून्य धरली जाते आणि पंप सुरू होताच बंद पडतो. त्यापेक्षा ४५ × ६० × १००० असा गुणाकार लिहावा आणि व्हेरिएबलच्या नावातच एकक घालावे.

अंबडवासी: कोडमध्ये हे पटते, परंतु आमची सेटिंगची फाईल जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते आणि तिच्यामध्ये गुणाकार लिहिता येत नाही, आणि ती फाईल बदलणारा माणूस बहुधा प्रोग्रॅमर नसून बागेवर उभा असलेला तंत्रज्ञ असतो. एकक ओळखता आले नाही तर प्रोग्रॅमने सुरूच होऊ नये, एवढा नियम केला की आपला आक्षेप उरत नाही.

कॉलेज रोड: दोघांनीही दिवसाचा विचार केलेला नाही. गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा कालावधी वाचणारा पार्सर तासापर्यंतच एकके स्वीकारतो, ‘दिवस’ घेत नाही, आणि ते मला योग्य वाटते. आपल्याकडे ८६४००००० मिलिसेकंदांचा दिवस बिनदिक्कत चालतो. परंतु येथील द्राक्षे ज्या नेदरलँड्सला जातात, तेथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केल्याने दिवस २३ तासांचाच असतो, त्यामुळे ‘उद्या याच वेळी’ हा कालावधी नसून कॅलेंडरचा प्रश्न ठरतो. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर ‘३० दिवसांनी’ आठवण द्यायची, तर रूपांतर २५९२०००००० असे अचूक होऊनही सेटटाइमआउटची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे पावणेपंचवीस दिवसांच्या आसपास असल्याने, ती ओलांडली की प्रतीक्षा जवळपास शून्य धरली जाऊन आठवण तत्काळ वाजेल. यात पार्सरचा दोष काहीच नाही.

सातपूरकर: मग फाईलमध्ये आकडा आणि एकक असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, आणि एकक ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावावे. मोकळा मजकूर चालवला, तर आज ‘४५ मिनिटे’ लिहिणारा तंत्रज्ञ उद्या ‘पाऊण तास’, ‘सव्वा तास’ लिहील आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरच असेल.

अंबडवासी: पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पार्सरला शिकवायला अर्धा दिवसही लागणार नाही. दोन रकान्यांत मात्र आकडा बदलून एकक तसेच राहण्याची शक्यता उरते, आणि ‘४५’च्या शेजारी ‘तास’ राहून गेले तर ते यादीतलेच एकक असल्याने कोणतीही तपासणी त्याला अडवणार नाही.