मदत हवी आहे: पाच जणांच्या वर्गणीतलं लॉटरीचं तिकीट लागलंय, क्लेम कोणाच्या नावाने करायचा?

अंबडचा_फिटर

नमस्कार मंडळी. मी इथे वाचायलाच येतो जास्त, लिहितो कमी, पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही, कृपया विचारूही नका.

आम्ही नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आहोत. पाच जण मिळून राज्य लॉटरीचं तिकीट काढतो, सणाचा बंपर असला की हमखास. २०० चं तिकीट, डोक्यामागे ४० रुपये. आजवर लागलं ते शंभर-पाचशे, त्याचं परत तिकीटच यायचं. यावेळी ५० लाख लागलेत. निकालाच्या पीडीएफशी सिरीज आणि नंबर दोन्ही ताडून बघितले, बायकोनेही बघितले, मग देवासमोर तिकीट ठेवलं आणि अर्ध्या तासाने उचलून कपाटात टाकलं कारण देवघराशेजारी उदबत्ती पेटलेली असते.

आता प्रश्न. तिकीट माझ्याकडे आहे. वाशीला ऑफिसात क्लेम करावा लागणार एवढं कळलं. एकाच्याच नावाने करायचा म्हणतात, मग बाकीच्यांना मी नंतर पैसे दिले तर चालतं का? टॅक्स कितीचा बसेल? दुसरं जास्त अवघड आहे. पाचवा माणूस म्हणजे आमच्या कॅन्टीनमधला मुलगा, ठेकेदाराकडे आहे, तिकीट आणायला नेहमी तोच सायकलवर जातो. यावेळी त्याने ४० रुपये दिले नव्हते, दादा पगार झाला की देतो म्हणाला, मी त्याचे भरले. आता आमच्यातला एक जण म्हणतो की पैसे दिले नाहीत तर वाटा कसला, चार भाग करा. दुसरा गप्प आहे, म्हणजे त्यालाही तेच हवंय. मुलाला निकाल अजून माहीत नाही.

तिसरं, विक्रेत्याला कळलंय. त्याचा फोन आला की एक पार्टी आहे, तिकीट द्या, रोख ४० लाख घ्या, टॅक्सची कटकट नाही. यात काही अडचण आहे का?

घाटावरचा

अभिनंदन!! पार्टी कधी?

(ती नव्हे, आपली.)

सीए_पण_साधा

अभिनंदन. आधी तिसऱ्या प्रश्नाचं, कारण तोच सगळ्यात घातक आहे. फोनवर सरळ नाही म्हणा आणि पुन्हा उचलू नका.

हिशोब बघा म्हणजे तो माणूस एवढा दिलदार का झालाय ते कळेल. ५० लाखांवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला टॅक्स, जागेवर कापला जातो, तुमच्या खात्यात ३५ येणार. तो ४० देतोय. म्हणजे खिशातून पाच लाख जास्त घालून तो तिकीट का घेतोय? त्याच्याकडे काळे ४० आहेत, तिकीट त्याच्या नावाने क्लेम झालं की ३५ पांढरे, बँकेत, सरकारी कागदासकट. आणि तुमच्या घरात ४० लाखांच्या नोटा, ज्यांचा हिशोब तुम्ही कोणालाच देऊ शकत नाही. त्यातून घर घेता येणार नाही, कर्ज फेडता येणार नाही. शिवाय दोन लाख किंवा त्यावर रोख एका व्यवहारात घेतली की जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. आणि हे सगळं त्या नोटा खऱ्या आहेत असं धरून.

आता टॅक्स. लॉटरीवर सपाट ३० टक्के आणि त्या टॅक्सवर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे ३१.२. ८०सी वगैरे कुठलीही वजावट या रकमेतून मिळत नाही, तिकिटाचा खर्चसुद्धा नाही. टीडीएस फक्त ३० कापतात, सेस आपल्याला भरायचा असतो, आणि नेमकं हेच लोकांना माहीत नसतं, मग पुढच्या वर्षी नोटीस आली की दचकतात.

तुमचा पगार किती सांगितलात तर पुढचं सांगतो.

अंबडचा_फिटर

वर्षाला साडेआठ लाख धरा. बाकी उत्पन्न काही नाही. टॅक्सची नवी पद्धत.

सीए_पण_साधा

मग नीट वाचा. २०२५-२६ च्या हिशोबाने एरवी तुमचा टॅक्स शून्य, कारण १२ लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समाफी). बक्षीस मिळवून एकूण १२ च्या वर गेलं की रिबेट गेलं, म्हणजे पगारावरही थोडा बसणार.

सगळे ५० तुमच्या एकट्याच्या नावावर आले तर एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे जातं आणि टॅक्सवर आणखी १० टक्के सरचार्ज (अधिभार) लागतो. सगळं मिळून साधारण १७ लाख ३७ हजार. टीडीएसचे १५ गेले, उरलेले दोन लाख सदतीस हजार तुमच्या खिशातून. पाच जणांत कागदोपत्री वाटलं गेलं तर प्रत्येकाचे १० लाख, कोणीही ५० च्या जवळपास नाही, सरचार्जच नाही. दीड लाखाच्या वर तिथेच वाचतात.

आणि नंतर वाटण्याचं म्हणाल तर ते करू नका. मित्र हा आयकराच्या दृष्टीने नातेवाईक नाही. वर्षात ५० हजारांच्या वर मित्राने दिलेले पैसे घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. एकदा तुम्ही टॅक्स भरणार, मग तेच पैसे घेतले म्हणून ते भरणार. भाऊ-बहीण-आईवडील असते तर हा प्रश्न नव्हता.

मार्ग आहे. आयकर नियम ३७बीए मध्ये सोय आहे, उत्पन्न खरं ज्यांचं आहे त्यांची नावं, पत्ते, पॅन आणि कारण लिहून टीडीएस कापणाऱ्याला डिक्लरेशन द्यायचं, मग टीडीएस त्या त्या माणसाच्या पॅनवर दिसतो. पण हे कापायच्या आधी सांगावं लागतं. वाशीला तिकीट घेऊन जाण्याआधी फोन करून एकत्र क्लेमचा फॉर्म कसा भरायचा आणि हे डिक्लरेशन कोणाकडे द्यायचं ते विचारा, जो बोलेल त्याचं नाव लिहून ठेवा.

काळा_कोट

वरचं बरोबर. वाशीला जायच्या आधी ५०० च्या स्टॅम्पवर पाचही जणांचा करार करा. तिकीट कधी काढलं, कोणी किती घातले, कोणाकडे आहे, बक्षीस समान वाटायचं, टॅक्स ज्याचा त्याने भरायचा. नोटरी. तिकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स त्याला जोडा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकला होतात का? असेल तर तो चॅट जपा, तारीख-वेळेसकट एक्स्पोर्ट करून ठेवा.

कोणीतरी येऊन सांगेल की जुगाराचा करार कायद्यात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे खरं, पण सुप्रीम कोर्टाने १९५९ साली घेरुलाल पारख खटल्यात म्हटलंय की पैज लावणाऱ्यांची आपसातली भागीदारी बेकायदेशीर ठरत नाही. इथे तर लॉटरी खुद्द सरकारची आहे. तेव्हा त्या भीतीने कागद करायचं टाळू नका.

चिऊताई

मला त्या मुलाबद्दल बोलायचंय. ४० रुपये दिले नाहीत म्हणून बाहेर??

सोपा प्रश्न विचारते दादा. तिकीट लागलं नसतं तर पगार झाल्यावर तुम्ही त्याच्याकडून ४० घेतले असते की नाही?

अंबडचा_फिटर

घेतले असते. ग्रुपवर मेसेजच आहे माझा, 'तुझे ४० माझ्याकडे उधार'. त्याने खाली होकाराचा अंगठा टाकलाय.

चिऊताई

मग संपलं. तोट्यात तो आत होता तर फायद्यातही आत आहे. तो तुमचे ४० रुपये देणं लागतो, तेवढे मागा हवं तर.

काळा_कोट

+१. आणि तो मेसेज म्हणजे पुरावा आहे हे त्या गप्प बसलेल्या मित्रालाही सांगा. चार भाग केलेत आणि उद्या मुलगा कोणाला तरी घेऊन आला तर चौघांचीही बक्षिसं अडकतील. तिकीट आणायला गेला तो, उधारी मान्य केलीय तुम्ही, अजून काय हवं.

दर्यासारंग

मी वेगळं बोलतो, शिव्या खाईन. जो म्हणतोय चार भाग करा तो अगदीच राक्षस नाही. आमच्याकडे भिशीत नियम आहे, हप्ता आला नाही तर त्या महिन्याच्या बोलीत नाही. तुमच्यातही तसं ठरलेलं असेल तर?

अंबडचा_फिटर

असं काही ठरलेलं नव्हतं हो. मागे त्याच मित्राचे पैसे मी दोनदा-तीनदा भरलेत आणि तेव्हा पाचशे लागले तर त्यालाही भाग दिला होता. हे आत्ता लिहिताना आठवलं.

दर्यासारंग

मग माझा मुद्दा मागे. त्याला हेच ऐकवा.

कोट्टयमवाली_मराठी

लग्न होऊन केरळात आहे, इथे ही गोष्ट दर बंपरला चघळली जाते म्हणून लिहिते. २०१९ चा ओणम बंपर, १२ कोटी, कोल्लम जिल्ह्यात दागिन्यांच्या दुकानात काम करणाऱ्या सहा जणांनी मिळून घेतलेल्या तिकिटाला लागला होता. आणि २०२३ चा मॉन्सून बंपर, १० कोटी, परप्पनंगडी नगरपालिकेकडे कचरा गोळा करणाऱ्या ११ बायकांना. तिकीट २५० चं. नऊ जणींनी २५ रुपये घातले आणि दोघींकडे तेवढेही नव्हते म्हणून त्यांनी साडेबारा-साडेबारा घालून मिळून एक वाटा उचलला. म्हणजे कोणाकडे किती होते तसं आधीच ठरवून घेतलं.

आणि एक. २०२२ ला २५ कोटी लागलेला तिरुवनंतपुरमचा रिक्षावाला आठवत असेल. काही दिवसांतच तो उघड म्हणाला की नसतं लागलं तर बरं होतं, दारात रोज पैसे मागणारे, मुलाला दवाखान्यात नेणं अवघड झालं. त्याचं नाव-फोटो सगळीकडे छापून आलं होतं. तुम्ही पेढे वाटू नका. वाशीला कोणी फोटो काढायचा म्हणालं तर आम्हाला प्रसिद्धी नको असं लेखी द्या.

घाटावरचा

अवांतर: आमच्या गल्लीत एकाला दीड लाख लागले होते, त्याच्याकडून अख्ख्या गल्लीने दोन लाख उसने मागितले.

सीए_पण_साधा

मुलाचं राहिलं. त्याचं पॅन आहे का बघा. नसेल तर आधारला मोबाईल जोडलेला असला की इन्स्टंट ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतं, कोणा एजंटला पाचशे देऊ नका. त्याचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, आणि त्याला कोणीतरी सांगेल की तुझा टॅक्स बसतच नाही, रिफंड काढून देतो. खोटं आहे. लॉटरीला चार लाखांची मूळ सूट लागू नाही, रिबेटही लागू नाही. त्याचेही तीन लाख बारा हजार जाणारच. हातात ६ लाख ८८ हजार. हे त्याला आधी समजावा, नाहीतर १० ऐकून बसेल आणि बाकीचे तुम्ही खाल्ले असं वाटेल.

सगळ्यांनी १५ मार्चच्या आत उरलेला टॅक्स अॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरून टाकायचा. तुमचे ३१ हजार ५०० होतात, पगारातून टीडीएस कापला जात असेल तर तेवढे कमी. रिटर्न आयटीआर-१ मध्ये चालत नाही, आयटीआर-२ लागेल.

नाना_पेन्शनर

पैसे आले की सहा महिने काही करू नका. बँकेचा मॅनेजर खुर्ची देईल, चहा देईल आणि इन्शुरन्सची पॉलिसी दाखवेल, वीस वर्षं हप्ता भरायची. नको म्हणायला लाजू नका. घरकर्ज फ्लोटिंग रेटचं असेल तर तेच आधी कमी करा, बँकेला त्याचा दंड घेता येत नाही. बाकी एफडी, पण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच विमा आहे, व्याज धरून. म्हणजे ६.८८ एकाच ठिकाणी नको, विशेषतः सहकारी बँकेत तर नकोच. २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा हजार रुपयेच काढता येत होते, आठवत असेल.

बायकोच्या नावावर एफडी केली तरी व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. आईच्या नावावर केली तर नाही.

चिऊताई

आणि फोन येतील, लॉटरी ऑफिसातून बोलतोय, आधी जीएसटी भरा, प्रोसेसिंग फी भरा. बक्षीस द्यायला कोणी आधी पैसे मागत नाही. तिकिटाचा फोटो कोणालाही पाठवू नका, बारकोडचा तर नाहीच.

अंबडचा_फिटर

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी मनावर घेईल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

विक्रेत्याला 'नाही' असं कळवलं. तो म्हणाला बघा, पार्टी ४२ पर्यंत येईल. नंबर ब्लॉक केला.

काल सुटल्यावर पाचही जण टपरीवर बसलो. चिऊताईंचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. मित्र थोडा तापला, म्हणाला मला चोर ठरवतोस का, मग पाचशेची गोष्ट काढली तर चहा तसाच ठेवून उठून गेला. रात्री साडेअकराला मेसेज, 'स्टॅम्प पेपर कधी आणायचा'. मुलाला मीच सांगितलं. त्याला आधी वाटलं चेष्टा करतोय, मग ६.८८ चा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाला सेस म्हणजे काय. मी सीए साहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. त्याचं पॅन नाहीये, आज काढतोय.

शनिवारी नोटरी, त्याआधी वाशीला फोन. एकच शंका उरली, तिकिटाच्या मागे सही माझी एकट्याची करू की पाचही जणांची? जागा अगदी थोडी आहे.

काळा_कोट

फोनवर हेही विचारा आणि ते सांगतील तशीच करा, आपल्या मनाने पाच सह्या कोंबू नका, खाडाखोड झाली तर तिकीट वादात जातं. क्लेमची मुदतही मागे छापलेली असते, ती आत्ताच वाचा. करारात लिहा की सही करणारा पाचही जणांच्या वतीने करतोय. जाताना मूळ तिकीट एकाने आणि कराराची मूळ प्रत दुसऱ्याने धरायची, आणि पाचही जण जा.

सीए_पण_साधा

आणि पैसे जमा झाल्यावर प्रत्येकाने आयकराच्या साइटवर आपापला २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) उघडून टीडीएस आपल्या पॅनवर आलाय का ते बघायचं. तीन लाख दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर इथेच लिहा.