सत्तर टक्के काम एकाच कंपनीचं, त्याच कंपनीची नवीन लाइन घ्यावी का?

शिरोलीची_मशीनशॉपवाली

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. सासऱ्यांनी उद्यमनगरात दोन लेथवर सुरू केलेलं, आता सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ) आणि व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या तशाच मिलिंग मशीन) आहेत. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव कच्चा भाग) येतं, आम्ही मशीनिंग करून पाठवतो. मुख्य काम ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या पेटीचं), एकाच कंपनीचं. उलाढालीत तिचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर गेलाय.

आता त्यांनी नवीन मॉडेलचं हाउसिंग देऊ केलंय. त्यासाठी दोन एचएमसी (आडव्या स्पिंडलच्या मशीन) घ्याव्या लागतील, शेड वाढवावी लागेल, म्हणजे मोठं कर्ज. लेटर ऑफ इंटेंट (काम द्यायचा इरादा आहे असं पत्र) मिळेल, त्यात महिन्याची अंदाजे संख्याही असेल, पण तेवढा माल उचलूच असं कुठेही लिहून देत नाहीत. वर दरवर्षी दर कमी करायची अट. मागच्या मंदीत यांचं शेड्यूल ऐन महिन्याच्या मध्यावर निम्म्यावर आलं होतं. गंजू नये म्हणून तेल मारून ठेवलेली हाउसिंग्ज पॅलेटवर पडून, आणि फोन आला की डिस्पॅच थांबवा. फौंड्रीचे पैसे मात्र आम्हाला वेळेवर द्यावेच लागले.

दुसरीकडे व्हॉल्व्ह आणि पंपाचं काम घेऊन दोघे-तिघे मागे लागलेत. दर बरा आहे, पण लॉट पन्नास नगांचा, शंभर नगांचा. सेटिंग बदलण्यातच अर्धी शिफ्ट जाते. दीर म्हणतात, नवीन लाइनला नाही म्हटलं तर जुनं कामही हळूहळू काढून घेतील. कामगार जुने आहेत, त्यांच्या घरांचा विचार करून झोप लागत नाही. तुम्ही काय केलं असतं?

परचेसवाला_चिंचवड (निवृत्त)

ताई, माझी सगळी नोकरी एका वाहन कंपनीच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात गेली. पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगतो.

पहिलं, दिरांची भीती अर्धीच खरी आहे. चांगला चालणारा व्हेंडर तोडणं परचेसला परवडत नाही. नवीन व्हेंडर उभा करायचा म्हणजे सॅम्पल, पीपीएपी (भागाच्या मंजुरीची कागदपत्रं), ट्रायल लॉट, यात महिने जातात, आणि तोवर लाइन थांबली तर प्लँट हेड आमच्या डोक्यावर बसतो. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये टोयोटाला भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच तिथून यायचा, आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. एवढ्या मोठ्या कंपनीची असेंब्ली बंद पडली. शेवटी इतर पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढला, तेव्हा गाडी रुळावर आली. एका सोर्सवर सगळं टाकायला गिऱ्हाईकही घाबरतं. म्हणूनच साठ-चाळीस करून दोन व्हेंडर ठेवतात. तुमचं रिजेक्शन आणि डिलिव्हरी रेटिंग चांगलं असेल तर वाटाघाटीत तुमचीही बाजू आहे.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. संख्या लिहून देत नाहीत, ठीक. मग मशीनच्या पैशांचं बोला. मशीन आणि फिक्श्चरचा (मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) खर्च ठराविक नगांवर वाटून दरात धरा, आणि तेवढे नग ठरल्या मुदतीत उचलले गेले नाहीत तर राहिलेला भाग कंपनी भरून देईल, असं लेखी मागा. पहिल्या बैठकीत हसतील. दुसऱ्या बैठकीत निदान फिक्श्चरचा खर्च तरी मान्य करतात, हे मी स्वतः केलंय. पण एक लक्षात घ्या, टूलिंगचे (फिक्श्चर वगैरेंचे) पैसे त्यांनी दिले की टूलिंग त्यांचं. उद्या ट्रक लावून घेऊन जाऊ शकतात. तुमच्या हातात राहते ती मशीन, म्हणून ती कुठली घेता याला किंमत आहे. फक्त याच हाउसिंगला चालेल असं एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं मशीन) अजिबात घेऊ नका. एचएमसीवर उद्या दुसऱ्याचं कामही बसतं.

डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बंद करून मोटरसायकलवर लक्ष द्यायचं जाहीर केलं. कंपनीच्या बाजूने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पण असा निर्णय होतो तेव्हा भाग बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

इचल_यंत्रमाग

वहिनी, वेगळ्या धंद्यातला माणूस आहे, पण दुखणं ओळखीचं वाटलं. आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर). व्यापाऱ्याने बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) थांबवले की माग बंद.

यातून सुटायला काही माग स्वतःच्या सुतावर चालवायला घेतले. पण सूत आज घ्यायचं, कापड दीड-दोन महिन्यांनी विकायचं, मधे सुताचा भाव पडला की सगळा तोटा आपला. मजुरीत भांडवल अडकत नव्हतं, इथे सगळंच अडकलं. त्यामुळे "स्वतःचा माल काढा" असं कुणी सांगितलं तर आधी कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाची) मर्यादा बघा. व्हॉल्व्हवाले कास्टिंग स्वतः देणार की तुम्ही विकत घ्यायचं? ते देणार असतील तर माझ्या मते ते काम सोन्यासारखं आहे.

सीए_जयसिंगपूर

पैशांच्या बाजूने थोडं. उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योगात असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या आयकराच्या नियमामुळे (तेव्हाचं कलम ४३बी(एच)) उशीर करणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. मध्यम उद्योगांना हा फायदा नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल आहे, तेव्हा दोन एचएमसी घेऊनही बहुधा तुम्ही आतच राहाल. तरी आकडा तपासून घ्या.

आणि बिलं ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यासपीठावर) टाकता येतात का विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँक पैसे देते, आणि पुढे कंपनीने थकवलं तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. फौंड्रीचे पैसे वेळेवर द्यायची तुमची अडचण इथे बरीच हलकी होईल.

शिरोलीची_मशीनशॉपवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, व्हॉल्व्हवाला कास्टिंग स्वतःच देणार आहे. काका, दोनऐवजी एकच एचएमसी घेऊन नवीन हाउसिंगचा अर्धाच वाटा मागितला तर? उरलेला त्यांनी दुसऱ्या व्हेंडरला द्यावा.

परचेसवाला_चिंचवड (निवृत्त)

जरूर मागा. त्यांना दोन सोर्स हवेच असतात, तुम्ही स्वतःहून म्हणालात तर विश्वास वाढेल. फिक्श्चरच्या पैशांचं मात्र त्याच बैठकीत काढा, नंतर नाही.

लहान लॉटसाठी एक व्हीएमसी वेगळी काढा. टेबलावर एकच बेस प्लेट कायमची बसवा आणि व्हॉल्व्हची सगळी फिक्श्चर त्याच पिनांवर बसतील अशी बनवा. पुढच्या लॉटची टूल्स मशीन चालू असतानाच बाहेर प्रीसेट करून (मापं आधीच लावून) ट्रॉलीत लावून ठेवायची, ऑफसेट (मशीनमध्ये भरायची टूलची मापं) कागदावर लिहून सोबत. आत्ता अर्धी शिफ्ट जातेय त्यातला बराचसा वेळ टूल शोधण्यात आणि डायल लावण्यात (भाग सरळ बसलाय का ते मोजण्यात) जात असणार. एकदा घड्याळ लावून मोजा, आणि मगच पन्नास नगांचा दर ठरवा.