पीएचपी ॲप डॉकरमध्ये हलवल्यापासून मेल जातच नाहीयेत, एरर पण दिसत नाही

सोसायटीवाला:
आमच्या सोसायटीचं मेंटेनन्स पावत्यांचं छोटं ॲप आहे, साधं पीएचपी, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. शेअर्ड होस्टिंगवर मस्त चालायचं, आता व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घेऊन डॉकरमध्ये टाकलंय, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात, कंटेनरमध्ये चालतं. त्यासाठी इमेज (कंटेनरचा तयार साचा) पीएचपीची ऑफिशियल, अपाचे वेब सर्व्हरवाली. लॉगिन, पीडीएफ, डेटाबेस सगळं ओके, फक्त मेल जात नाही. स्क्रीनवर हिरव्या पट्टीत 'पावती पाठवली' येतं पण कोणालाच मिळत नाही, स्पॅममध्ये पण बघायला लावलं. कोड जुनाच, मेल फंक्शनवाला. चेअरमन काका रोज फोन करतायत, काय बघू?

कोकणीकोडर:
पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) ब्लॉक असेल. बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ बंदच ठेवतात.

टर्मिनलतात्या:
अहो मेल पोर्टपर्यंत पोचला तर ना! आधी ती हिरवी पट्टी कशावर येते ते बघा, मेल फंक्शन ट्रू देतंय की फॉल्स हे कोड विचारतो तरी का? आणि डॉकर लॉग्स मारून काय येतंय ते इथे टाका.

सोसायटीवाला:
कोड काहीच विचारत नाही, सरळ पट्टी दाखवतो. प्रिंट करून बघितलं तर फॉल्स. लॉगमध्ये दर मेलला एकच ओळ, 'यूएसआर एसबिन सेंडमेल नॉट फाउंड'.

टर्मिनलतात्या:
मग सापडलं की. लिनक्सवर पीएचपीचं मेल फंक्शन स्वतः काही पाठवत नाही, सेंडमेल नावाच्या प्रोग्रामकडे मजकूर ढकलतं आणि मोकळं होतं. शेअर्ड होस्टिंगवर तो होस्टिंगवाल्याने आधीच बसवलेला असतो (आत एक्झिम नावाचा दुसरा मेल प्रोग्राम असला तरी नाव सेंडमेलच), ऑफिशियल इमेजमध्ये तो नसतोच. कोडला हात लावायचा नसेल तर एमएसएमटीपी-एमटीए हे पॅकेज टाका, ते सेंडमेलच्याच जागी जाऊन बसतं आणि एसएमटीपीने (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) मेल दुसऱ्या मेल सर्व्हरकडे पुढे पाठवतं. कॉन्फिग फाइल अपाचेच्या युजरला वाचता आली पाहिजे. आणि कृपा करून कंटेनरमध्ये शिरून ॲप्ट इन्स्टॉल करू नका, नवीन कंटेनर उभा केला की सगळं गायब, डॉकरफाइलमध्येच (इमेज कशी बनवायची ते लिहिलेली फाइल) लिहा.
पण एमएसएमटीपी मेल रांगेत ठेवत नाही, समोरचा सर्व्हर बंद असला तर मेल हरवलाच समजा. मी असतो तर पीएचपीमेलर (मेल पाठवायची तयार पीएचपी लायब्ररी) घातला असता, निदान एरर तरी धड वाचता येते.

सोसायटीवाला:
पीएचपीमेलरच घेतो मग. पण तो आणायला कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवणारं टूल) लावलं, तर कंपोझर इन्स्टॉल इमेज बिल्ड होतानाच रडतंय, झिप एक्स्टेन्शन आणि अनझिप दोन्ही नाहीत म्हणतंय.

कोकणीकोडर:
त्याच डॉकरफाइलमध्ये कंपोझरच्या ओळीच्या आधी ॲप्टने अनझिप आणि गिट टाक, होईल.

सोसायटीवाला:
बिल्ड झालं! पण आता पेज उघडलं की व्हेंडर फोल्डरमधली (कंपोझर लायब्ररी ठेवतं तिथली) ऑटोलोड फाइल सापडत नाही म्हणतं. बिल्डमध्ये तर कंपोझर व्यवस्थित चाललेलं दिसतंय, डोकं फिरायची वेळ आलीये

टर्मिनलतात्या:
कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) व्हॉल्यूम्सखाली सर्व्हरवरचं प्रोजेक्टचं फोल्डर कंटेनरमधल्या एचटीएमएल फोल्डरवर माउंट केलंय, म्हणजे जोडलंय ना? इमेजमध्ये बनलेलं व्हेंडर त्याच्याखाली झाकलं जातं. तुमच्या होस्टवरच्या फोल्डरमध्ये व्हेंडर नाही, कारण ते गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइल्सची यादी) असणार. लॅपटॉपवर माउंट ठेवा, सर्व्हरवर ती ओळ काढा.

सोसायटीवाला:
होय तीच ओळ होती, काढली आणि चाललं. मेल जीमेल खात्यातून पाठवतोय, आता जीमेल ऑथेंटिकेशन फेल म्हणतंय, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे.

कोकणीकोडर:
नेहमीचा पासवर्ड चालत नाही रे, गुगलने ते २०२२ मध्येच बंद केलं. टू-स्टेप चालू कर आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवून तो टाक. पोर्ट ५८७, स्टार्ट-टीएलएस (मेल एन्क्रिप्ट करून पाठवायची सेटिंग). आणि फ्रॉममध्ये तोच जीमेल पत्ता ठेव, सोसायटीच्या डोमेनचा टाकलास तर जीमेल तो बदलून टाकतं, मग काका परत फोन करतील 'हा कोणाचा मेल' म्हणून.

सोसायटीवाला:
गेला! काकांना पोचला, आता म्हणतायत मागच्या महिन्याच्या पण पाठव.