जूनमध्ये नीस: आई-बाबा आणि काका-काकूंची समुद्राची सुट्टी

प्रेषक: टिळकवाडीची लेक (सध्या मुक्काम बेळगाव)

मंडळी, नमस्कार.

तीन आठवडे घरी आहे. परसातल्या आंब्याला मोहोर आलाय, आणि आईची रोज सकाळी त्याच्याखाली उभी राहून यंदा किती आंबे धरतील याची मोजणी चालू आहे.

आई-बाबांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात. आमच्या लहानपणी समुद्र म्हणजे पहाटे डबे भरून चोर्ला घाटानं गोवा आणि रात्री परत. मुक्काम कधीच नाही. बाबा म्हणायचे, खोलीचं भाडं द्यायचं त्यात पोरांची पुस्तकं होतात. ते पैसे त्यांनी पुस्तकांत घातले म्हणून मी आज फ्रँकफर्टला आहे. तेव्हा यंदा हात आखडायचा नाही असं मी ठरवलंय. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला, पाच-सहा रात्री, समुद्रासमोर. खानापूरचे काका-काकूही बरोबर. काका-बाबांनी आयुष्यात एकही मोठा प्रवास एकमेकांना सोडून केलेला नाही.

आधी ते तीन आठवडे माझ्याकडे राहतील, मग नीस. फ्रान्सच्या व्हिसाची कागदं जमवायला घेतली आहेत.

अडचण तारखांची आहे. काकांचं म्हणणं, मिरगाच्या आधी भाताची धूळवाफ पेरणी उरकल्याशिवाय विमानात बसणार नाही. जुलैत लावणी आणि भांगलण. मधे सापडतात ते जूनचे दिवस. तेव्हा तिकडे कसं असतं? कुठे राहावं? काकू पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

---

प्रेषक: निपाणीच्या मावशी

अगं, फार चांगलं करतेयस. आधी तेवढं सांगते, मग बाकीचं.

जूनचा दुसरा पंधरवडा घे, डोळे मिटून घे. मे महिन्यात कानला चित्रपट महोत्सव असतो, मोनॅकोच्या मोटारींच्या शर्यतीही त्याच सुमाराला, मे-जूनच्या सांध्यावर. त्या दिवसांत अख्ख्या किनाऱ्यावर खोलीचे भाव विचारू नयेत असे होतात. जुलैच्या मध्यापासून फ्रान्स स्वतःच सुट्टीवर निघतो. ऑगस्टमध्ये तर पाय ठेवायला जागा नसते, आणि ऊन आपल्या एप्रिलसारखं अंगावर येतं. जूनच्या उत्तरार्धात हवा उबदार, पाणी मात्र जरा गार. सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमाराला. म्हाताऱ्या माणसांना ही केवढी सोय. दुपारी पडायचं, सहाला चहा घेऊन बाहेर पडायचं आणि तरीही तीन तास उजेड.

२१ जून सापडली तर सोडू नकोस. १९८२ पासून त्या दिवशी सगळ्या फ्रान्समध्ये संगीताचा सण असतो. चौकाचौकांत, दुकानांच्या पायऱ्यांवर लोक वाजवत-गात बसतात, तिकीट नाही.

आता राहण्याचं. माझं ऐकशील तर सगळा पैसा खोलीत घाल. बाकी नीसमध्ये जे चांगलं आहे ते बहुतेक फुकट किंवा स्वस्त आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमध्ये, सासूबाईंना घेऊन. 'समुद्र दिसणारी खोली' म्हणून जास्तीचे पैसे भरले होते. हॉटेलचं नाव काढत नाही. सासूबाई खिडकीच्या चौकटीला धरून पुढे वाकल्या तेव्हा दोन इमारतींच्या फटीत साडीच्या काठाएवढी निळी पट्टी दिसली. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवस सकाळी उठल्या की तिथे जाऊन तेवढीच पट्टी बघायच्या. मला अजून ते आठवलं की पोटात तुटतं. म्हणून बुकिंगच्या आधी हॉटेलला मेल करून सरळ विचार: बाल्कनी आहे का, खुर्चीत बसून समुद्र दिसतो का, लिफ्ट आहे का, आणि खोलीत एसी आहे का. चारही उत्तरं लेखी घे. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं, सकाळचे पोहे तुझ्या काकूंच्या हातचे होतील.

किनाऱ्याला लागून प्रोमनाद देझांग्ले आहे, इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. साधारण सात किलोमीटर. १८२० च्या दशकात थंडी टाळायला येणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढून पहिली पायवाट करवली, तिचा हा विस्तार. नीस हे मुळात हिवाळ्यात येऊन राहायचं गाव, युनेस्कोनं २०२१ मध्ये वारसा यादीत घेतलं तेही त्याच कारणानं. उन्हाळ्यात येऊन उन्हात पडायची पद्धत पहिल्या महायुद्धानंतरची. त्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, कुणीही बसावं. आमच्या सासूबाईंना तिथे एक फ्रेंच आजीबाई भेटल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोघी त्याच खुर्च्यांवर हजर.

एक मात्र आधीच सांगून ठेव. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालता येत नाही आणि पाणी दोन-चार पावलांत खोल होतं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट चौघांनाही घे. पाय भिजवायला खाजगी किनाऱ्यावर दिवसाच्या भाड्यानं गादीची खुर्ची आणि छत्री घेतलीस तर तिथे खाली उतरायला पायऱ्या आणि जवळ स्वच्छतागृह असतं. तिथे पैसे टाक.

खाण्याची चिंता करू नकोस. जुन्या गावात सोका मिळतो. हरभऱ्याच्या पिठाचं पोळं, पाणी आणि ऑलिव्ह तेलात कालवलेलं, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. कडा कुरकुरीत, मधे मऊ. काकू पहिला घास खाऊन म्हणतील, हे तर आपलंच. भोपळ्यासारख्या फुलांची भजी मिळतात, पण पिठात अंडं आहे का ते विचारायचं. नीसचं सॅलड, पां बान्या म्हणजे तेच भरलेला पाव, कांद्याचा पिस्सालादिएर, या तिन्हींत मासा असतो. पिस्सालादिएर दिसायला साधी कांद्याची पोळी, म्हणून फसायला होतं.

कूर सालेयाचा बाजार सकाळी. फुलं, भाजी, फळं. सोमवारी भाजी नसते, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथून जवळच किल्ल्याची टेकडी, नव्वदेक मीटर उंच, वर जायला लिफ्ट आहे आणि ती फुकट. वरून सगळा उपसागर दिसतो. रोज दुपारी बाराला तोफेचा बार होतो, बाबांना आधी सांगून ठेव.

आणि पाच रात्री एकाच ठिकाणी. बॅगा उचलायच्या नाहीत.

---

प्रेषक: वडगावचा

ताई, एवढा खर्च करतेच आहेस तर मोनॅकोतच राहा की. नीस मोठं शहर, गर्दीचं. मोनॅकोचं नाव काढलं की बेळगावात चारचौघांत काकांना सांगायला बरं. नाहीतर सात दिवसांत नीस, मोनॅको, जिनोआ, रोम असं पॅकेज मिळतं, मी चौकशी करून देतो.

---

प्रेषक: शहापूरचे दादा

ताई, बाकीच्या गप्पा नंतर. व्हिसाचा अर्ज चुकीच्या दारात जातोय.

शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज. आई-बाबा तुझ्याकडे तीन आठवडे आणि नीसला पाच रात्री. म्हणजे अर्ज जर्मनीकडे, फ्रान्सकडे नाही. फ्रान्सकडे भरलात तर ते तुमचंच वेळापत्रक वाचून परत पाठवतील, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरी अपॉइंटमेंट मिळवताना दम निघेल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी भरावाच लागतो. तू पंधरा दिवसांवर जाऊ नकोस, मार्चमध्येच बेंगळुरूची तारीख घे. फी माणशी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बोटांचे ठसे द्यायला चौघांनाही स्वतः जावं लागेल. एकदा दिले की ५९ महिने तेच चालतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसवा, सकाळी बेंगळुरू, खालचे बर्थ आत्ताच काढून ठेव.

काकांचं उत्पन्न शेतीचं, म्हणजे जमिनीचा उतारा जोडणार. तो कन्नडमध्ये असतो. इंग्रजी भाषांतर करून घे, मूळ प्रत आणि भाषांतर एकत्र टाचून. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही नुसता उतारा घेऊन गेलो होतो आणि खिडकीवरून परत फिरलो. वडील सत्तरीतले, परत एक रात्र गाडीत. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं लिहिलं.

आणखी एक. जुन्या पासपोर्टवर, लग्नाच्या दाखल्यावर 'बेलगाम' असेल, २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ टाक की गाव तेच आहे.

---

प्रेषक: टिळकवाडीची लेक

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. फ्रान्सची अपॉइंटमेंट उद्याच घेणार होते. आता जर्मनीची घेतली, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. उताऱ्याचं भाषांतर कोर्टाजवळच्या एका नोटरींकडे दिलंय.

वडगावच्या भावा, मोनॅको बघायचंच आहे, पण एक दुपार. सगळा देश दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, नीसहून लोकल गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. समुद्राच्या कड्यावरचं १९१० चं सागरी संग्रहालय बाबांना दाखवायचं, कॅसिनोची इमारत बाहेरून बघायची आणि संध्याकाळी आपल्या बाल्कनीत परत. मावशींचं साडीच्या काठाचं वाचल्यापासून मी तीन हॉटेलांना चारही प्रश्न विचारून मेल केले. एकानंच बाल्कनीचा फोटो पाठवला, खुर्चीवर बसून काढलेला. तेच घेतलं. आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "एवढं सगळं पाणी एका खोलीतनं?"

एक दिवस सां-जाँ-काप-फेरा, तिथली रोथशिल्ड घराण्यातल्या बाईंची गुलाबी हवेली आणि बागा. दोन्ही बाजूंना समुद्र, आणि कारंजी संगीतावर नाचतात. एक संध्याकाळ नेग्रेस्कोत चहा. १९१३ पासूनचं हॉटेल, गुलाबी घुमटाचं. आईची शहापुरी साडी त्या दिवसासाठी बाजूला काढून ठेवली आहे. हातमागाचे काठ, तिच्या लग्नातली.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. रविवारी खानापूरला काकांकडे गेलो. जेवणं झाली, पडवीत बसलो आणि मी लॅपटॉपवर सगळं दाखवलं. काका मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावच्या सेंटरमधूनच भरती झालेले, नंतर शेती. नकाशात त्यांनी नीसच्या उजवीकडे बोट ठेवलं आणि विचारलं, "हे इटली न्हवं?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग आमची पलटण इथंच लढलेली. यशवंत घाडगे १९४४, नामदेव जाधव १९४५. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतच." भरतीच्या वेळी पाठ केलेली नावं, पन्नास वर्षांनी तशीच्या तशी.

मग बाबा म्हणाले, आणि कोल्हापूरचे राजाराम महाराज फ्लॉरेन्सलाच वारले. १८७० साल. युरोप बघून परत येताना, वय जेमतेम वीस. आर्नो नदीकाठी त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि तिथे छत्री, म्हणजे खांबांवरच्या घुमटाचं स्मारक, आहे हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. बाबांनी ते मला कधीच सांगितलं नव्हतं. चोर्ल्याच्या घाटात आम्ही इतके वेळा गेलो, कणकुंबीला चहाला थांबलो, पण हे कधी निघालं नाही. कदाचित जाणं शक्य आहे असं वाटल्यावरच माणूस असं काही बोलत असावा.

काका पुढे काही मागणार नाहीत हे मला माहीत होतं. मागितलंही नाही. लॅपटॉप मिटायच्या आधी एवढंच म्हणाले, "लांब असलं तर राहू दे."

मावशी, तुमचा पाच रात्रींचा नियम मोडत नाही. नीसच्या पाच रात्री तशाच. फक्त परतीचं विमान नीसहून न घेता शेवटी दोन रात्री फ्लॉरेन्स घालते, आणि तिथूनच फ्रँकफर्ट. तरीही सगळ्यात जास्त दिवस जर्मनीचेच राहतात, म्हणजे दादांचा नियम पाळला जातो. नीस ते फ्लॉरेन्स रेल्वेनं दोनेक ठिकाणी गाडी बदलावी लागते, व्हेंतिमिलिया आणि जिनोआ. बॅगांचं जमेल का? आणि ती छत्री नेमकी कुठे?

ता. क. कुंद्याबद्दल ज्यांनी ज्यांनी वेगळा मेल केला त्यांना: युरोपात प्रवाशांना दुधाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत, आणि कुंदा म्हणजे खवाच. आई-बाबांच्या बॅगेत तो सापडून विमानतळावर त्यांची तपासणी झालेली मला चालणार नाही. तेव्हा यंदा नाही. राग मानू नका.

---

प्रेषक: निपाणीच्या मावशी

अगं, ने. दोन रात्री कशाला, तीन ने, आणि रेल्वेच्या प्रवासाला आख्खा दिवस धर. सकाळी लवकर निघायचं, मोठ्या दोन बॅगा नीसहून आधीच कुरिअरनं फ्रँकफर्टला पाठवून द्यायच्या, हातात एकेक पिशवी. म्हणजे गाडी बदलताना तुझे हात काकूंना धरायला मोकळे.

छत्री कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते. चार खांबांवरचा घुमट आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं. शहराच्या मध्यापासून लांब आहे, तेव्हा चालत नको, टॅक्सीनं जा आणि टॅक्सी थांबवून ठेव. टॅक्सीवाल्याला 'इंडियानो' म्हण, जवळच्या पुलालाही तेच नाव आहे.

काकांसाठी आणखी एक. फ्लॉरेन्सहून आरेझोला रेल्वेनं तासाभराच्या आसपास लागतो. तिथे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे, त्यांत हिंदी सैनिकही आहेत. तिसरी रात्र त्यासाठीच म्हणाले मी.

फुलं बेळगावहून नेऊ नका, हार तर नाहीच, ताज्या फुलांनाही नियम आहेत. सकाळी फ्लॉरेन्समध्येच घ्या. काकांना म्हणावं, लांब नाही.